बत्तीस मात्रा गप्प

साँव जॉर्ज बेटावर, चीजच्या कारखान्यामागे,
माझी आणि झुल्मीराची भिंत एकच.
काळ्या दगडाची, हातभर जाड,
तरी संध्याकाळी साडेसहाला
ती कागदासारखी पातळ होते.

मी गावच्या बँडचे कोट शिवते. एकतीस कोट.
दर एप्रिलात पोरांची मापं नव्यानं.
झुल्मीराला युफोनियम मिळालं तेव्हा ती नऊ वर्षांची;
मांडीवर घेतलं की पितळेमागे
फक्त दोन वेण्या दिसायच्या.
वाद्यही जुनंच, तिघांच्या ओठांतून आलेलं,
बुडाशी एक पोचा.
मिरवणुकीत कुणी पाडलं, ते तिघंही
अजून एकमेकांवर ढकलतात.

पहिले सहा महिने काय सांगू.
धुक्यात वाट चुकलेली गाय हंबरावी तसं.
माझी सुई बोटात, नवऱ्याचा रेडिओ मोठा.
मास्तर एर्मिनियो दिवसा टपाल वाटतात, रात्री सूर.
त्यांचं एकच पालुपद: रोज वीस मिनिटं.
रविवारी तासभर बसून
आठवड्याची उधारी फिटत नसते.

एकच ओळ, रोज.
चौथ्या सुरावर पाय घसरायचा.
की ती तिथवर उसवायची
आणि मागून पुन्हा टाका घालायची.
उसव, घाल. उसव, घाल.
एके दिवशी बाही जोडताना लक्षात आलं,
अरे, हे तर माझंच काम चाललंय पलीकडे.

मग तिला गोवर निघाला.
अकरा दिवस भिंत नुसती भिंत.
रेडिओ ऐकू येत होता, तरी नवरा म्हणाला,
आज काही बरं वाटत नाही बुवा.

फेब्रुवारीत ती ओळ सरळ गेली.
मी कात्री खाली ठेवली.
पलीकडे चिडीचूप.
मग तिनं पुन्हा वाजवली, आणि चुकली,
आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना
कुणीतरी हसलं.

शाळेच्या बाई म्हणतात, वाद्यानं गणित सुधारतं.
झुल्मीराचं नाही सुधारलं.
भागाकारात बाकी अजून विसरते.

पण बाप तिचा टोरांटोला, लोकांच्या घरांवर छपरं घालतो.
दर रविवारी फोन.
आवाज समुद्र ओलांडून येतो तो दमून, उशिरा.
दोघं एकदम बोलायची, एकदम थांबायची,
तू बोल, नाही तू बोल,
आणि शेवटी फोन आईच्या हातात कोंबून
ही माझ्या दुकानात, कापडाच्या ठाणांमागे,
नाक ओढत.

परवा माप द्यायला आली होती, तेवढ्यात फोन वाजला.
तिनं विचारलं, जेवलास का?
आणि गप्प.
फक्त तर्जनी गुडघ्यावर:
एक, दोन, तीन.
पलीकडून बापाचं वाक्य आलं,
अख्खं, कुठंही न तुटता.
त्याला घाई नव्हती. तिलाही नव्हती.
मी टेप गळ्यात अडकवून उभी,
उगाच दोऱ्याचं रीळ गुंडाळत.

कुठं शिकलीस गं हे?
तिला प्रश्नच कळला नाही आधी.
मग म्हणाली, एका तुकड्यात आम्हाला
बत्तीस मात्रा काहीच नसतं.
क्लॅरिनेटवाले मजा करतात, आम्ही गप्प.
पण मोजत राहावं लागतं, मावशी.
नाही मोजलं तर चुकीच्या जागी घुसतो
आणि सगळे वळून बघतात.

छाती दोन बोटं वाढलीय.
बाह्या तर तीन बोटं सोडाव्या लागणार;
शिवण मी गेल्या वर्षीच राखून ठेवली होती.
श्वास घे बघू, म्हटलं.
तिनं असा घेतला
की टेपचं टोक माझ्या चिमटीतून निसटलं.

सोडू?
थांब, पेन्सिल सापडू दे.

मी गल्ल्यात शोधते, खिडकीत शोधते,
कानावर असते ती नेहमी, तिथं नाही.
ती उभी आहे छाती भरून,
बोट मांडीवर चाललंय.